जळालेल्या चिऱ्यांचा धडा
(यरुशलेमेच्या मंदिराचा दोनदा झालेला विध्वंस : एक अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : २ राजे २५:१–१७, यिर्मया ७:१–१५



यरुशलेमेतील मंदिराच्या विध्वंसाचा विषय आपल्या मंडळ्यांतून बहुधा दोनच प्रसंगी निघतो : दानीएलाचा ग्रंथ शिकविताना, किंवा शेवटल्या काळाच्या चिन्हांवर बोलताना. दोन्ही वेळा आपण त्या राखेवरून घाईने पुढे जातो. ते मंदिर ज्यांचे होते, त्यांनी त्या राखेपाशी काय केले, हे आपण क्वचितच विचारतो. वास्तविक त्या लोकांपैकी काही जण शतकानुशतके आपल्याच कोकणात, आपलीच मराठी बोलत राहिले आहेत. म्हणून या पाठाचा आरंभ यरुशलेमेत न करता रायगड जिल्ह्यात करू या.

१. कोकणातील एक उपवास

बेने इस्राएल समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज गावोगावी तेल गाळण्याचा धंदा करीत. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावांच्या नावांवरून दिवेकर, रोहेकर, पेणकर, केहीमकर अशी त्यांची आडनावे पडली. समाजाचे इतिहासकार हाईम शमुवेल केहीमकर यांच्या मते हे आगमन इ.स.पूर्व १७५ च्या सुमाराचे असावे.

या समाजाच्या सणांची जुनी नावे अस्सल मराठी आहेत. यहूदी पंचांगातील अव महिन्याचा नववा दिवस हा मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन होय. तो आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास येतो. बेने इस्राएल लोक त्याला ‘बिरड्याचा सण’ म्हणत आले. भिजवून, मोड आणून सोललेल्या वालांचे जे बिरडे कोकणातल्या घरोघरी होते, त्याच साध्या कालवणावरून हे नाव पडले. हजारो मैल दूरच्या नगरीत जळालेल्या मंदिराचे दुःख अशा रीतीने कोकणच्या स्वयंपाकघरात येऊन राहिले.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. अलिबागच्या इस्राएल आळीत ‘मागेन अबोथ’ हे सभास्थान आहे. मुंबईतील ‘शआर हारहमीम’ हे सभास्थान सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. अशा सभास्थानाला लोक ‘मशीद’ म्हणत. उलट पुण्यात डेव्हिड ससून यांच्या कुटुंबाने उभारलेले, १८६७ मध्ये पूर्ण झालेले सभास्थान ‘लाल देऊळ’ म्हणून प्रसिद्ध आहे. वस्तुतः ते मशीदही नव्हे आणि देऊळही नव्हे. सभास्थान म्हणजे शास्त्रवाचनाची व प्रार्थनेची जागा. ती गावोगावी असू शकते. मंदिर म्हणजे यज्ञार्पणाचे स्थान. नियमशास्त्राप्रमाणे ते एकच, यरुशलेमेत. ते एक गेल्यावर दुसरीकडे जाऊन अर्पणे करण्याची सोय नव्हती. हे कळले म्हणजे त्या शोकाची खोली कळते.

२. पहिला विध्वंस : बाबेल

शलमोनाने आपल्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ.स.पूर्व ९६६ च्या सुमारास, मंदिराचे काम आरंभिले आणि ते सात वर्षांत पुरे केले. साठ हात लांब, वीस हात रुंद, तीस हात उंच असे ते होते. आजच्या मापाने त्याची लांबी जेमतेम २७ मीटर भरते. आपल्या शहरांतील कित्येक चर्चे त्याहून मोठी आहेत. त्याचे महत्त्व आकारात नव्हते.

इ.स.पूर्व ७२२ मध्ये अश्शूरी साम्राज्याने उत्तरेचे राज्य बुडविले. तथापि ७०१ मध्ये सन्हेरीबाने यरुशलेमेस वेढा घातला असता, हिज्कीयाच्या काळी, नगरी बचावली. या सुटकेतूनच पुढे एक घातक समज रूढ झाला : जेथे परमेश्वराचे मंदिर आहे, ती नगरी कधी पडणारच नाही. एका पिढीला लाभलेली कृपा पुढच्या पिढीने हक्क समजून घेतली.

यिर्मया मंदिराच्या दाराशी उभा राहिला तो याच समजावर आघात करण्यासाठी. लोक मंदिराचे नाव तीन-तीनदा उच्चारून स्वतःला धीर देतात, आणि त्याच वेळी परदेशीय, अनाथ व विधवा यांना नाडतात, चोरी करतात, खोट्या शपथा वाहतात, असे त्याने तोंडावर सांगितले. शिलो येथेही पूर्वी देवाचे स्थान होते. तेथे जाऊन काय झाले ते पाहा, असेही तो म्हणाला. संदेष्ट्याचा रोख इमारतीवर नव्हता. इमारतीच्या आड लपणाऱ्या जीवनक्रमावर होता.

१६ मार्च, इ.स.पूर्व ५९७ रोजी नबुखद्नेस्सराने यरुशलेम घेतले. ही तारीख बाबेलच्या इतिवृत्ताच्या पाटीवरून निश्चित होते. राजा यहोयाखीन, सरदार आणि सर्व सुतार व लोहार मिळून दहा हजार लोक बंदिवान म्हणून नेले गेले. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर यहूदाचा राजा यहोयाखीन व त्याचे पुत्र यांना दिलेल्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. शास्त्रातील बंदिवान राजा शत्रूच्या कोठाराच्या हिशेबात आपल्याला भेटतो.

सिद्कीयाने पुन्हा बंड केले. यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायात लाखीश व अजेका ही दोनच तटबंदीची नगरे उरली होती असे म्हटले आहे. १९३५ मध्ये लाखीशच्या वेशीच्या अवशेषांत खापरांवर लिहिलेली पत्रे सापडली. त्यांपैकी एका पत्रात ठाण्यावरचा अधिकारी कळवितो की आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांकडे डोळे लावून आहोत, अजेकाचे संकेत आता दिसत नाहीत. शेवटी इ.स.पूर्व ५८६ मध्ये (काही अभ्यासकांच्या मते ५८७ मध्ये) भुकेने खंगलेल्या नगरीचा तट फुटला. महिन्याभराने गारद्यांचा नायक नबूजरदान आला व त्याने मंदिर, राजवाडा आणि घरे यांना आग लावली. अठरा हात उंचीचे दोन पितळी स्तंभ व मोठा पितळी समुद्र यांचे तुकडे करून ते बाबेलास नेण्यात आले.

३. भिलाईकरांस कळणारी एक गोष्ट

छत्तीसगडातील भिलाई येथे या पाठाचा एक भाग विशेष उमगतो. येथील पोलाद कारखान्याचा करार १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराचे लोहखनिज आणि नंदिनीची चुनखडी या कारखान्याने पिढ्यान् पिढ्या वापरली आहे. चुनखडीचा दगड सुमारे ९०० अंश सेल्सियसच्या वर तापला की दगड राहत नाही. त्याचा चुना होतो. भट्टीत तो चुना खनिजातील अशुद्ध द्रव्ये ओढून घेऊन मळीच्या रूपाने वाहून जातो.

यरुशलेमेचे चिरेही चुनखडीचेच. मोठ्या आगीत सापडलेला असा चिरा तडकतो, त्याचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो, आणि पुन्हा भिंतीत बसविला तर तो भार पेलेल की नाही याची शाश्वती राहत नाही. आता नहेम्याचा चौथा अध्याय उघडा. इ.स.पूर्व ४४५ च्या सुमारास तटाचे काम चालू असता सनबल्लट थट्टेने विचारतो की हे दुबळे यहूदी राखेच्या ढिगाऱ्यांतील जळालेल्या दगडांना पुन्हा जीव आणणार काय? ही नुसती शिवी नव्हती. बांधकाम जाणणाऱ्या माणसाचा तो मर्मावरचा घाव होता. दगडाविषयी त्याचे म्हणणे खरेच होते. नहेम्याने त्याच्याशी वाद घातला नाही. त्याने प्रार्थना केली आणि लोकांनी काम चालू ठेवले. बावन्न दिवसांत तट पुरा झाला.

४. दुसरे मंदिर आणि रोम

इ.स.पूर्व ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतले व पुढील वर्षी यहूद्यांना परतण्याची मोकळीक दिली. १८७९ मध्ये सापडलेल्या कोरेशाच्या मातीच्या नळकांड्यावर यहूदाचा उल्लेख नाही; परंतु निरनिराळ्या लोकांचे देव व माणसे त्यांच्या ठिकाणी परत पाठविण्याचे त्याचे धोरण त्यावर नमूद आहे, आणि एज्राच्या वृत्तान्ताशी ते जुळते. जरुब्बाबेल व यहोशवा यांच्या नेतृत्वाखाली पाया घातला गेला, तेव्हा पहिले मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडले व तरुणांनी जयघोष केला. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले. इ.स.पूर्व ५१५ च्या सुमारास मंदिर पुरे झाले. त्यात कराराचा कोश नव्हता.

हे मंदिरही सुखाने नांदले नाही. इ.स.पूर्व १६७ मध्ये अंतियोखस एपिफानेस याने ते भ्रष्ट केले. १६४ मध्ये मक्काबी वीरांनी ते शुद्ध केले. योहान १०:२२ मध्ये ज्या सणाचा उल्लेख आहे तो त्याच पुनःप्रतिष्ठेचा सण. इ.स.पूर्व ६३ मध्ये रोमी सेनापती पाँपे परमपवित्रस्थानात शिरला. तेथे कोणतीही मूर्ती नाही हे पाहून रोमी लोक चकित झाले. पुढे हेरोदाने इ.स.पूर्व २० च्या सुमारास जीर्णोद्धार आरंभिला. प्रभू येशूच्या सेवेच्या आरंभी त्याला शेहेचाळीस वर्षे झाली होती. काम पूर्णपणे संपले ते त्यानंतर तीन दशकांनी. आणि संपून दहा वर्षेही झाली नाहीत तोच सारे जळाले.

इ.स. ६६ मध्ये रोमी सुभेदार फ्लोरस याने मंदिराच्या भांडारातून सतरा किक्कार चांदी उचलली, तेव्हा बंडाची ठिणगी पडली. ७० साली टायटसने नगरीस वेढा घातला. आत यहूद्यांचे तीन गट आपसांत लढत होते. त्या लढाईत धान्याची कोठारेही जळाली. ऑगस्ट महिन्यात मंदिर पेटले. टायटसची तशी इच्छा नव्हती, असे योसेफस सांगतो; परंतु तो टायटसच्याच घराण्याच्या आश्रयाने लिहीत होता. पाचव्या शतकाच्या आरंभीचा ख्रिस्ती इतिहासकार सल्पिशियस सेव्हेरस याच्या मते मंदिर पाडण्याचा आग्रह टायटसनेच धरला होता.

पुढे रोममध्ये टायटसची कमान उभी राहिली. तिच्यावर मंदिरातील सात फांद्यांचा दीपवृक्ष खांद्यांवरून मिरवीत नेणारे सैनिक कोरले आहेत. ते आजही पाहावयास मिळतात. यहूदी लोक मंदिरासाठी दरसाल जो अर्धा शेकेल देत, तोच कर रोमने जुपितर देवाच्या मंदिरासाठी वसूल करण्यास आरंभ केला, आणि तो स्त्रिया व मुले यांच्यावरही लादला. १९६८ मध्ये मंदिराच्या चौथऱ्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याखाली एक पडलेला चिरा सापडला. शिंग फुंकण्याची जागा, अशा अर्थाचे इब्री शब्द त्यावर आहेत. शब्बाथाची वर्दी देणारा याजक ज्या कठड्यापाशी उभा राहत असे, त्या कठड्याचा तो चिरा.

५. साम्राज्याचा तर्क आणि देवाच्या लोकांचे उत्तर

प्राचीन साम्राज्यांचा तर्क सरळ होता : ज्याचे मंदिर पडले त्याचा देव हरला. म्हणूनच पात्रे, स्तंभ, दीपवृक्ष वाजतगाजत नेले जात. धातूच्या मोलापेक्षा त्यात अपमानाचे मोल अधिक असे. या तर्कापुढे अनेक लहान राष्ट्रे आपल्या देवांसह नाहीशी झाली. यहूदी का नाहीसे झाले नाहीत?

पहिले उत्तर यहेज्केल देतो. बाबेलात, खबार नदीकाठी, बंदिवानांमध्ये त्याला परमेश्वराच्या तेजाचे दर्शन झाले, आणि त्या सिंहासनाला चाके होती. देव यरुशलेमेच्या भिंतींत कोंडलेला नव्हता. तो बंदिवानांच्या मागे परदेशी आला होता. परदेशात आपणच काही काळ त्यांचे पवित्रस्थान झालो, अशा अर्थाचे वचन त्याच्या अकराव्या अध्यायात आहे.

दुसरे उत्तर यिर्मयाच्या पत्रात आहे (अध्याय २९). घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असे तो बंदिवानांना लिहितो. शत्रूच्या नगरासाठी प्रार्थना! मंदिर जाळणाऱ्यांच्या राजधानीचे कल्याण चिंतण्याची ही आज्ञा होती. उदरनिर्वाहासाठी विदर्भातून, केरळातून, आंध्रातून, बंगाल-ओडिशातून भिलाईस येऊन राहिलेल्या कुटुंबांना हे पत्र आपल्याच पत्त्यावर आल्यासारखे वाटले तर नवल नाही. ते बंदिवान नव्हते, हे खरे. पण आपले गाव मागे राहिले आणि देव मागे राहिला नाही, हा अनुभव त्यांनाही आहे.

तिसरे उत्तर इ.स. ७० नंतरचे. योहानान बेन जक्काई हे रब्बी वेढ्यातून निसटून याब्नेह येथे गेले व तेथे त्यांनी शास्त्राभ्यासाचे केंद्र चालविले. अर्पणे बंद झाली, तेव्हा प्रार्थना, शास्त्राध्ययन व दयेची कृत्ये यांवर यहूदी धर्मजीवन उभे राहिले; होशेयाच्या सहाव्या अध्यायातील दयेविषयीचे वचन त्याचा आधार ठरले. कोकणातला घाणा शनिवारी बंद राहत असे, तोही याच जातीच्या निष्ठेने. साम्राज्याला दगड जाळता आला, वार जाळता आला नाही.

आणि आम्हा ख्रिस्ती लोकांचे उत्तर योहानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. प्रभू येशूने आपल्या शरीरालाच मंदिर म्हटले. ते मोडण्यात आले आणि तिसऱ्या दिवशी उभारले गेले. देव व मनुष्य यांची भेट कोठे होते, या प्रश्नाचे आमचे उत्तर एक जागा नसून एक व्यक्ती आहे.

६. आपण काय शिकावे?

पहिला धडा : इमारत हे तारण नव्हे. यिर्मयाचे भाषण आपल्या दाराशी झाले असते तर? मंडळीच्या मालमत्तेवरून वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या चालतात, शताब्दीसाठी रंगरंगोटी होते, आणि त्याच मंडळीतील विधवेच्या घरची चूल पेटली की नाही याची चौकशी कोणी करीत नाही. अशा वेळी चर्चचे नाव तीनदा उच्चारून काय होणार?

दुसरा धडा अधिक नाजूक आहे. यरुशलेम पापामुळे पडले, असे यिर्मया म्हणाला. परंतु तो ते आपल्याच लोकांविषयी, रडत रडत म्हणाला. प्रभू येशूही नगरी पाहून रडला (लूक १९:४१). स्वतःच्या लोकांविषयी म्हटलेले वाक्य पश्चात्ताप असते; तेच वाक्य दुसऱ्याच्या लोकांविषयी म्हटले की निंदा होते. मंडळीच्या इतिहासात ही निंदा पुष्कळ झाली. चौथ्या शतकात, ख्रिस्ती सम्राटांच्या अमलातही, यहूद्यांना यरुशलेमेत शोक करण्यास वर्षातून एकच दिवस मोकळीक होती, आणि तेथे रडण्यासाठीही त्यांना शिपायांना पैसे द्यावे लागत, असे जेरोमने लिहून ठेवले आहे. हे लिहिताना त्याला त्यांची कणव आली नाही. पौलाने रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायात कलम केलेल्या फांद्यांना मूळच्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नका असे बजावले होते. तो इशारा आपण विसरलो.

महाराष्ट्रात या इशाऱ्याला शेजाऱ्याचा चेहरा आहे. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून इब्री व्याकरण प्रसिद्ध केले. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली. मराठी जुन्या करारातून त्यांना आपल्याच पूर्वजांची कथा आपल्या भाषेत वाचावयास मिळाली. त्यांनी ती वाचली आणि बहुतेक जण यहूदीच राहिले. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलास गेली. येथे आता काही हजारच उरले आहेत. त्यांच्या बिरड्याच्या सणाकडे आपण आपल्या विजयाचा पुरावा म्हणून पाहू नये. शेजारी शोक करीत असता त्याच्या ओटीवर शांत बसावे, ही आपल्याकडची रीत आहे. शास्त्राचीही तीच शिकवण आहे.

तिसरा धडा : आपलीच इमारत मोडली गेली तर? हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. छत्तीसगडातच नारायणपूर येथे जानेवारी २०२३ मध्ये एका चर्चची मोडतोड झाली. अशा वेळी त्या मंडळीने काहीतरी पाप केले असेल, असे दुरून म्हणणाऱ्यांनी वरचा धडा पुन्हा वाचावा. आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांनी बाबेलास आलेले पत्र उघडावे. न्याय मागणे योग्यच आहे; नहेम्यानेही राजाकडून रीतसर परवान्याची पत्रे घेतली होती. परंतु ज्या नगरात राहतो त्याच्या हितासाठी प्रार्थना करण्याचे आपण सोडू नये. सूडाने बांधलेली भिंत जळालेल्या चिऱ्याहूनही ठिसूळ असते.

बाबेल गेले, पारस गेले, रोम गेले. टायटसच्या कमानीखालून आज प्रवासी फिरतात, आणि त्याने ज्यांना संपविले असे मानले, ते अव महिन्याच्या नवव्या दिवशी आजही जगभर विलापगीत वाचतात. जळालेल्या दगडांत जीव येत नाही, हे सनबल्लटाचे म्हणणे खरे होते. पण देवाने जीव घातला तो माणसांत, दगडांत नव्हे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. ७०१ सालच्या सुटकेमुळे यरुशलेमेत कोणता खोटा विश्वास निर्माण झाला? आपल्या मंडळीच्या इतिहासातील कोणत्या आशीर्वादाला आपण हक्क समजू लागलो आहोत?

२. यिर्मया ७ मध्ये ज्या तीन दुर्बल गटांचा उल्लेख आहे, ते आपल्या गावात आज कोण आहेत?

३. यिर्मया २९ प्रमाणे आपल्या शहराच्या हितासाठी आपली मंडळी नेमाने प्रार्थना करते काय? कोणत्या शब्दांत?

४. रोमकरांस ११ वाचा. यहूदी शेजाऱ्यासमोर बसून जे बोलण्याचे धैर्य आपल्याला होणार नाही, असे काही आपल्या शिकवणीत आहे काय?